भादव्यातच सुया हाती घ्या

गौरी-गणपती पार पडले, घरातली पाहुण्यांची वर्दळ ओसरली, की नगरकडच्या बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळते. बाहेर भादव्याचं ऊन चटके देत असतं. अशा दिवसांत लोकरीचं नाव काढलं तर लोक हसतात. तरीही सांगते, सुया बाहेर काढायचे दिवस हेच आहेत. थंडी पडल्यावर विणायला घेतलेला स्वेटर संक्रांत उलटल्यावर अंगावर चढतो, आणि तोवर अर्धी थंडी संपलेली असते. घरच्या माणसांसाठी विणताना एवढा उशीर चालून जातो, कारण त्यांच्याकडे मागच्या वर्षीचं काहीतरी असतंच. पण मी ज्यांच्यासाठी विणा म्हणते आहे, ती मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून आईबापांबरोबर निघून जातात. त्यांच्या डोक्यावर टोपी असायला हवी असेल तर ती दसऱ्याच्या आत तयार पाहिजे.

ही मुलं ऊसतोड कामगारांची. आपल्या जिल्ह्याचं चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा हा पाटपाण्याचा, उसाचा पट्टा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली इथेच सुरू झाला आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राने तो कित्ता गिरवला. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड हा कमी पावसाचा मुलूख. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता म्हणून हंगामाला जायचं, हा तिथल्या हजारो घरांचा शिरस्ता. शेजारच्या बीडमधूनही माणसं येतात. काही जण पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, काही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसपास कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकतात. हंगाम सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पट्टा पडतो मार्चच्या आसपास. म्हणजे सगळा हिवाळा हे लोक उघड्या रानात काढतात.

आपल्याकडची थंडी कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो आणि दुपारी ऊन अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतं. पक्क्या घरात राहणाऱ्याला त्यातली पहाट कळत नाही. ऊसतोडीला जाणारी बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, आणि लेकरांना घेऊन फडात जाते, कारण त्यांना कोपीत ठेवायचं कुणाच्या जिवावर? फडात दव असतं. पाचट ओलं असतं. तान्हं मूल बांधाच्या कडेला झोळीत असतं आणि दोन-तीन वर्षांचं त्याच्या शेजारी बसवलेलं असतं. त्या वेळेला त्या मुलांच्या अंगावर काय असावं, याचा विचार करून विणायचं आहे.

विणकामाचं वेड असलेल्या बाईला मोह होतो तो अवघड नमुन्यांचा. पानाची जाळी, वेण्या, मधमाशीचं पोळं, दोन रंगांत काढलेले हत्ती आणि मोर. ते जरूर करा, घरच्या नातवासाठी करा. कोपीतल्या मुलासाठी मात्र नमुना वेगळ्या कसोटीवर निवडावा लागतो. जाळीतून वारा जातो. जाळीत तान्ह्या मुलाची बोटं अडकतात. दोन रंगांच्या नक्षीत उलट्या बाजूला जे लांब धागे मोकळे राहतात, त्यांत तर हमखास अडकतात. उसाची पानं करवतीसारखी असतात. सैल विणीचा एखादा टाका त्यांनी ओढला की ओळच्या ओळ उसवते. म्हणून वीण घट्ट हवी, साधी हवी. साधी म्हणजे कंटाळवाणी नव्हे. एक सुलट एक उलट घालून पुढच्या ओळीत सुलटावर उलट आणि उलटावर सुलट घातलं की दाणेदार, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, न मुडपणारी वीण होते. चार सुलट चार उलट अशा चार ओळी आणि मग उलटापालट करून चार ओळी घातल्या की चटईसारखे चौकडे उठतात. पट्टे तर कुणालाही जमतात. घोंगडीच्या काठाला असते तशी काळ्यावर पांढरी बारीक रेघ टोपीच्या कडेला घालून पाहा. आपल्या मुलखाची नक्षी म्हणून तीच मला सगळ्यांत देखणी वाटते.

पांढऱ्या किंवा पिवळ्या रेघेचं आणखी एक काम आहे. कोप्यांच्या वस्तीत रात्री-अपरात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या येत-जात असतात आणि मुलं तिथेच खेळत असतात. मळखाऊ म्हणून आपण तपकिरी, निळा, काळा रंग निवडतो, तो योग्यच आहे. पण स्वेटरच्या पाठीवर आणि टोपीवर चार बोटं रुंद असा एक भडक पट्टा घाला. ट्रॅक्टरवाल्याला मूल चटकन दिसलं पाहिजे.

सुरुवात टोपीपासून करा. अनुभवी हाताची टोपी दोन-तीन संध्याकाळींत उतरते, नवशिकीची आठवड्यात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण पन्नास सेंटिमीटरचं असतं आणि वीण ताणली जात असल्याने टोपी चव्वेचाळीसच्या आसपास पुरते. जरा जाड लोकर घ्या, पन्नास-साठ ग्रॅम लागेल. सुया दोन जोड्या: ८ नंबर, म्हणजे चार मिलिमीटरच्या, आणि १० नंबर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवीन शिकणाऱ्या मुलींनी ध्यानात ठेवावं. आधी ८ नंबरवर तीस टाके घालून बोटभर तुकडा विणा आणि मोजा. दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके बसले तर तुमचा हात या मापाला बरोबर आहे. जास्त बसले तर हात घट्ट आहे, एक नंबर जाड सुई घ्या. कमी बसले तर एक नंबर बारीक. हा तुकडा विणायचा बहुतेक जणी कंटाळा करतात आणि मग टोपी एक तर भोपळ्याला बसेल एवढी होते नाही तर लिंबाला.

आता १० नंबरच्या सुईवर ९८ टाके घाला. पहिली ओळ: दोन सुलट, दोन उलट, असं करत शेवटी दोन सुलट उरतील. दुसरी ओळ दोन उलटांनी सुरू होईल, मग दोन सुलट, आणि शेवटी दोन उलट. असं सात सेंटिमीटर विणा. ही पट्टी पुढे वर दुमडायची आहे, म्हणजे कानांवर लोकर दुहेरी येते. कानटोपीचा गुण येतो आणि गळ्याशी बंद बांधावा लागत नाही. मग ८ नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट. भडक पट्टा घालायचा तो इथेच. सुरुवातीपासून एकूण अठरा सेंटिमीटर झालं की डोकं उतरवायला घ्या. सुलट ओळीत पहिला टाका तसाच विणा. मग सहा सुलट आणि दोन टाके एकत्र, असं बारा वेळा. शेवटचा टाका तसाच. ८६ टाके उरतील. उलट ओळ नुसती परत विणा. पुढच्या सुलट ओळीत पाच सुलट आणि दोन एकत्र: ७४. परत एक उलट ओळ. त्यानंतर चार सुलट, मग तीन, मग दोन, मग एक, आणि शेवटी नुसतेच दोन-दोन एकत्र. मधली उलट ओळ दर वेळी आहेच. आकडे ६२, ५०, ३८, २६ आणि १४ असे उतरत जातील. एखादा आकडा चुकला तर त्याच ओळीत चूक शोधा, पुढे रेटू नका. उरलेल्या १४ टाक्यांतून सुईदोऱ्याच्या सुईने लोकर ओवून ओढून घ्या, गाठ पक्की करा आणि त्याच धाग्याने पाठीची शिवण खालपर्यंत घाला. वर गोंडा लावू नका. गोंडा चुलीजवळ नको आणि तान्ह्याच्या तोंडाशी तर नकोच.

हीच टोपी नवजात बाळासाठी करायची तर ७४ टाके घाला, पट्टी चार सेंटिमीटर, एकूण उंची बारा सेंटिमीटर झाली की 'चार सुलट, दोन एकत्र' या टप्प्यापासून उतरवायला लागा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं तेहतीस ते पस्तीस सेंटिमीटर असतं, त्याला ही बसते. लोकर मात्र मऊ घ्या. स्वतःच्या गालावर, मग गळ्याला घासून पाहा. तुम्हाला टोचली तर बाळाला टोचणारच.

बाळाच्या टोपीवर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं, आणि अंगातली बरीचशी ऊब तिथून निघून जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ती ऊब भरून काढता येत नाही. बाळ गार पडलं की दूध ओढत नाही, आणि दूध पोटात गेलं नाही की आणखी गार पडतं. बाळाच्या अंगाचं तापमान साडेछत्तीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही शिकवली जाते. त्यातही बाळाच्या अंगावर लंगोट आणि डोक्यावर टोपी असतेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात बाळाला ऊब देणं हा मोठा भाग होता. आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तेच केलं: कमी शिकलेल्या गावच्या बायकांच्या हाती आरोग्याची कामं सोपवली आणि ती त्यांनी पेलून दाखवली. उबदार टोपी औषधाची जागा घेत नाही. बाळ गार लागत असेल, मलूल असेल, दूध घेत नसेल तर थेट दवाखाना गाठायचा. आणि दुपारी ऊन तापलं की बाळाची टोपी काढायची, हेही टोपी देताना आईला सांगा. गरमीनेही बाळ हैराण होतं.

या पहाट-दुपारच्या फरकामुळेच मुलांचा स्वेटर समोरून उघडा असावा असं माझं ठाम मत आहे. डोक्यातून घालायचा बंद गळ्याचा स्वेटर दिसतो नीटस, पण सकाळी नऊला मूल घामाघूम होतं आणि आई कोयता टाकून तो काढायला येऊ शकत नाही. बटणं असली की चार वर्षांचं पोरही स्वतः काढतं. बटणं मोठी, सपाट, चार भोकांची लावा आणि शिलाईच्या दुहेरी दोऱ्याने पक्की करा. वर्षाच्या आतल्या बाळाला बटणंच नकोत, ती तोंडात जातात. छातीवर बोटभर लांबीचे दोन कापडी बंद पुरे. गळ्याशी नाडी, फीत, लोकरीची साखळी काहीही नको. त्याच कारणाने लहान मुलांना मफलर विणू नका. गळ्याभोवती बसेल अशी रुंद, ताणली जाणारी गळपट्टी विणा. तिची टोकं लोंबत नाहीत.

स्वेटरच्या बाह्यांची एक युक्ती सांगते, ती नीट समजून घ्या. आपण सहसा बाही मनगटाकडून सुरू करतो आणि खांद्यापाशी टाके बंद करतो. त्याऐवजी पाठ आणि पुढचे दोन भाग खांद्याला जोडून घ्या, काखेच्या कडेने टाके उचला आणि बाही खांद्याकडून मनगटाकडे विणत आणा. मनगटाशी बंद केलेले टाके पुढच्या वर्षी सोडवता येतात. टाके सुईवर घेतले, दोन इंच वाढवलं, पुन्हा बंद केलं. सुरुवातीला घातलेली कड अशी सोडवून वाढवता येत नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीची बाही आखूड झाली की स्वेटरच वाया जातो. शिवाय मनगटाची पट्टी दुप्पट लांब ठेवून दुमडून द्या. एक स्वेटर दोन हिवाळे तरी चालला पाहिजे आणि मग धाकट्याला गेला पाहिजे.

आईला विसरू नका. तिच्यासाठी बिनबाह्यांची, समोरून उघडी बंडी विणा. बाह्या उसात अडकतात, मोळी उचलताना आड येतात. बंडीने छाती-पाठ झाकली जाते आणि हात मोकळे राहतात. अंगावर पिणारं मूल असेल तर समोरची बटणं सोयीची पडतात. खिसा आतल्या बाजूने लावा.

ज्यांना स्वेटरचं माप, काख, गळा हे झेपत नाही, त्यांच्यासाठी चौकोन आहेत. शाळेतल्या पोरींनाही जमेल असं काम. ८ नंबरच्या सुईवर ४० टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलटच विणत ८० ओळी करायच्या. या विणीत दोन ओळींची एक वळी उठते, त्यामुळे जितके टाके तितक्या वळ्या झाल्या की चौकोन साधतो. साधारण वीस सेंटिमीटरचा होतो. असे ३० चौकोन, पाच आडवे आणि सहा उभे, जोडले की मीटरभर रुंद आणि सव्वा मीटरला जरा कमी लांब असं लहान मुलाचं पांघरूण होतं. बचत गटातल्या किंवा भजनी मंडळातल्या दहा जणींनी तीन-तीन चौकोन आणले की एक पांघरूण तयार. आपल्या आज्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांच्या गोधड्या केल्या, त्याच हिशेबाचं हे काम. भादव्याच्या उकाड्यात ते आणखी एका कारणाने बरं. पूर्ण पांघरूण मांडीवर घेऊन विणायला घेतलं तर अंगाला घाम फुटतो. चौकोन वीतभर, मांडीवर ओझं नाही. हाताला घाम येत असेल तर स्टीलच्या सुयांवर लोकर चिकटते, तेव्हा बांबूच्या सुया घ्या किंवा तळहाताला थोडी पावडर लावा. आणि फिक्या रंगाचं काम या दिवसांत घेऊ नका, मळतं.

खालून लागणाऱ्या थंडीचं मात्र सुयांनी भागत नाही. कोपीतली जमीन गार असते आणि वरून कितीही पांघरलं तरी ती अंगात शिरते. तिथे घोंगडी हवी, नाही तर लोकरीचं जाड अंथरूण, म्हणजे जेन. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, तिचा स्वेटर अंगाला टोचेल. पण अंथरायला तिच्यासारखी दुसरी चीज नाही. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, धनगराच्या घरी झाला. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. त्याच जिल्ह्यात आज मेंढपाळाला लोकरीचे कातरणावळीइतकेही पैसे सुटत नाहीत आणि कातरलेली लोकर टाकून द्यायची वेळ येते, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन चालतं. ते आवश्यकच आहे, पण मेंढपाळाला खरा आधार गिऱ्हाइकाचा. गटाने वर्गणी काढून विणकराकडून दोन-चार घोंगड्या घेतल्या तर एक रुपया दोन घरांना उपयोगी पडतो.

लोकर कोणती घ्यावी यावर मात्र थोडं थांबून विचार करा. बाजारात बाळांच्या नावाने जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकची असते. ती स्वस्त, मऊ, आणि धोपटून धुतली तरी आटत नाही. पाटाच्या पाण्यावर दगडावर धुणाऱ्या बाईला तीच सोयीची; खरी लोकर तिथे दोन धुण्यांत आकसून बाहुलीचा स्वेटर होईल. पण ॲक्रिलिक विस्तवाला भितं. पेट घेतलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. मेंढीची लोकर सहजी पेटत नाही. कोपी पाचटाची, चूल दारात, भोवती पोरं. म्हणून माझा सल्ला असा: मिश्र लोकर मिळाली आणि परवडली तर तीच घ्या. ॲक्रिलिकच घ्यावं लागलं तर कपडा अंगाबरोबर बसणारा करा, झालर, गोंडे, लोंबणारी बाही टाळा, आणि चुलीपाशी बसताना जपायला सांगा. बंडी घालून भाकरी थापणाऱ्या बाईसाठी निदान बंडी तरी लोकरीच्या मिश्रणाची असावी.

नगरच्या कापडबाजारात या दिवसांत दुकानदाराकडे मागच्या वर्षीच्या उरलेल्या लोकरीचे गुंडे असतात. विचारून पाहा, एकगठ्ठा घेतले तर बरेचदा भाव उतरतो. एका कपड्याला लागणारी लोकर एकाच लॉट नंबरची घ्या, नाही तर पाठ एका छटेची आणि बाही दुसऱ्या छटेची होते. चौकोनांना आणि पट्ट्यांना काहीही चालतं.

जुने स्वेटर उसवूनही चांगली लोकर निघते. आधी स्वेटर उलटा करून काखेखालची शिवण बघा. कडा सरळ आणि टाके सलग दिसले तर तो उसवता येईल. कड कापून तिच्यावर मशिनची गुंतागुंतीची शिलाई मारलेली असेल तर नाद सोडा, त्यात दर ओळीला धागा तुटलेला असतो आणि हाती नुसते वीतभर तुकडे येतात. उसवलेला धागा पाटाभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन अडकवून सावलीत टांगा. वाळली की धाग्याचे वळसे गेलेले असतात. ओढून तुटत असेल तर ती लोकर संपली, तिचा मोह नको.

गटाने काम करणार असाल तर नमुना एकच ठरवा. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी घरोघर विणकाम झालं तेव्हा रेडक्रॉसने मोज्यांचे, मफलरींचे ठरावीक नमुने छापून वाटले होते, कारण हौसेने विणलेल्या दहा तऱ्हांच्या वस्तू पाठवायला आणि वाटायला अडचणीच्या होतात. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा आपल्या देशातल्या बायकांनी रेल्वेत, ओसरीवर, शाळेच्या वर्गात बसून जवानांसाठी स्वेटर विणले. रणगाडा दलाचं केंद्र असलेल्या आपल्या नगरला हे वेगळं सांगायला नको. घराघरांतल्या ज्या आजींनी ते दिवस पाहिले असतील, त्यांना या कामात पुढे बसवा. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक काम होत नसेल, पण निसटलेला टाका कुठल्या ओळीतून उचलायचा हे त्या बोटांनी सांगतात.

आता देण्याविषयी. आधी विचारा, मग विणा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला कुजत पडले होते. ते पाठवणाऱ्यांची भावना चांगलीच होती, पण विचारलं कुणीच नव्हतं. पाथर्डी-शेवगावकडच्या बायकांनी अंगणवाडी ताईंना, आशाताईंना आणि जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना भेटावं. कुठल्या घरातून माणसं जाणार, कोणाकडे तान्हं आहे, कोणाचे दिवस भरत आले आहेत, हे त्यांना माहीत असतं. मुलांची नावं नकोत, वय आणि डोक्याचं-छातीचं माप पुरे. काही मुलं आईबापांबरोबर न जाता गावातच आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांनाही मोजा. रात्री आईची आठवण काढणाऱ्या त्या पोरांना पांघरुणाची गरज कमी नसते. उत्तरेकडच्या ताईंचं काम आणखी सोपं आहे. तुमचाच ऊस तोडायला आलेली माणसं तुमच्याच बांधावर असतात. गाडी भरायला येतील तेव्हा मापं घ्या, पौषातल्या थंडीपर्यंत तुम्हाला महिनाभर मिळतो. ऊस आपला असेल तर तो तोडणाऱ्याच्या लेकराची थंडी थोडीफार आपल्याही जबाबदारीची आहे, असं मी मानते.

वस्तू द्याल ती धुऊन, वाळवून, घडी घालून द्या. मुलाला रांगेत उभं करून फोटो काढू नका. आईच्या हातात द्या आणि तिला दोन रंगांतून निवडू द्या. नको म्हणाली तर आग्रह नको. स्वेटरच्या आतल्या शिवणीला त्याच लोकरीचा हातभर धागा आणि एक जादा बटण टाकून ठेवा. फडात दुकान नसतं आणि टाका निसटला तर तिलाच तो सावरायचा असतो. तिला विणता येत नसेल तर निसटलेला टाका सेफ्टीपिनेत कसा अडकवून ठेवायचा तेवढं दाखवा.

मग मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, माणसं गावी परतली, की एकदा चक्कर मारा. कुठली बाही लवकर आखूड झाली, कुठल्या टोपीची शिवण उसवली, कुणाला लोकर टोचली, बंडीचा खिसा पुरला का, हे विचारा आणि वहीत लिहा. मोठी झालेली मुलं पुन्हा मोजा. पुढच्या भादव्यात टाके घालताना ती वही शेजारी हवी.